उभ्या गाडीची बॅटरी

नागपूरच्या इतवारी स्थानकातून २०१९ पर्यंत नागभीडची नॅरोगेज गाडी सुटत असे. जुन्या रेल्वे डब्यांतील दिव्यांना वीज कोठून मिळे? चाकांच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनामो गाडी धावताना डब्याखालची बॅटरी भरी. गाडी थांबली की तीच बॅटरी दिवे चालवी. पण डबा महिनोन्‌महिने उभाच राहिला तर?

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिसे-आम्ल घट बनवला. न वापरताही तो हळूहळू रिता होतो. नागपूरच्या मे महिन्यात तर अधिकच वेगाने. रित्या घटातील पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग तो पुन्हा पुरता भरत नाही. म्हणजे बॅटरीला कामापेक्षा उपासच अधिक मारतो!

उपाय एकच : थोडी थोडी वीज, पण रोज. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट सादर केला. कार्यक्षमता सुमारे ६ टक्के. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यात अशा घटांनी टेलिफोन यंत्रणेची बॅटरी दिवसा भरली. रात्री ती कामी आली. अंधारात बॅटरीची वीज उलट सौर पट्टिकेत जाऊ नये म्हणून मध्ये डायोड लावतात. जास्त भरणे टाळायला नियंत्रक. २०१७ मध्ये दिल्लीत रेल्वेच्या डेमू गाडीच्या छतावरही सौर पट्टिका आल्या.

आपल्या शाळेतील इन्व्हर्टरची बॅटरीही उन्हाळी सुट्टीत उभीच असते. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. सुट्टीपूर्वी आणि सुट्टीनंतर मुलांसह मोजून पाहू या.