पावश्या, परीट, तांबट: पाखरांच्या नावांतले ऋतू

वैशाख संपत येतो, जमीन नांगरून तयार असते आणि बांधावरच्या आंब्यातून एक चढती साद सुरू होते. तीन सूर, पुन्हा तेच तीन थोडे वरच्या पट्टीत, असे करत करत आवाज टिपेला पोहोचतो आणि एकदम तुटतो. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते. हिंदी मुलखात हाच पक्षी ‘पी कहाँ’ म्हणत प्रियकराला शोधतो. बंगालीत तो ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला, असा आक्रोश करतो. इंग्रज साहेबांना उन्हाच्या काहिलीत त्यातून ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आले. ज्याच्या मनात जे घोळत होते, ते त्याने ऐकले. आपल्याकडे मनात पेरणी होती.

म्हणून त्याचे नाव पावश्या. संस्कृतात ‘प्रावृष्’ म्हणजे पावसाळा. प्राकृतात त्याचा ‘पाउस’ झाला, मराठीत ‘पाऊस’. त्याला ‘या’ प्रत्यय लागताना ‘स’चा ‘श’ झाला, ‘पैसा’चे ‘पैशाचा’ होते तसा. हा ‘या’ मोठा लाघवी प्रत्यय आहे. गणपतचा गण्या आणि पांडुरंगाचा पांड्या ज्या जिव्हाळ्याने होतो, त्याच जिव्हाळ्याने कुदळीसारख्या चोचीचा पक्षी कुदळ्या होतो आणि पावसाची वर्दी देणारा पावश्या. गावाने या पाखरांना घरातल्या पोरांसारखी हाक मारली आहे.

पण ‘पावसाबरोबर येणारा’ असा या नावाचा अर्थ घेतला तर फसगत होते. पावश्या बहुतेक ठिकाणी वर्षभर असतो. हिवाळ्यात तो मुका असतो, एवढेच. मुका पावश्या ओळखणे कठीण. राखाडी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे आणि उडण्याची धाटणी पाहून तो शिक्राच वाटतो. छोटी पाखरेही त्याला पाहून कालवा करतात. नीट पाहावे ते चोचीकडे. शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकलेली असते, पावश्याची जवळजवळ सरळ. शिवाय डोळ्याभोवती पिवळे कडे. नाव ठेवणाऱ्याने मात्र चोच पाहिली नव्हती, त्याने कान दिला होता. पावश्या हे नाव पक्षी कधी येतो ते सांगत नाही, कधी बोलतो ते सांगते.

खरोखर पावसाबरोबर येतो तो चातक. काळी पाठ, पांढरे पोट, डोक्यावर तुरा आणि उडताना पंखात चमकणारा पांढरा डाग, इतकी सोपी त्याची ओळख. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून तो आपल्याकडे येतो. ‘चत्’ या मागणे अर्थाच्या धातूपासून ‘चातक’ शब्द साधतात; चातक म्हणजे याचक. तो फक्त पावसाचे थेंब पितो ही कविकल्पना, पण तिच्यामागची नोंद अचूक आहे: पाऊस आला की चातक दिसतो. खरी याचना तो सातभाईंकडे करतो, कारण त्याची मादी त्यांच्याच घरट्यात अंडी घालते. पावश्याचीही तीच रीत. म्हणून जूनपासून पुढे सातभाईंच्या थव्यात भलतेच पिल्लू चारा मागताना दिसले, तर त्याचे आईबाप ओळखायला हरकत नाही.

पाऊस ओसरला, की नदीकाठच्या खडकांवर परीट येतात. कुठे त्यांना धोबी म्हणतात. ‘धोबी’च्या मुळाशी धुणे आहे, आणि पाण्याच्या कडेला सतत शेपटी वरखाली आपटणारे हे पाखरू पाहिले, की नावाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पांढऱ्या कपाळाचा आणि पांढऱ्या गालांचा परीट उत्तरेकडून आलेला हिवाळी पाहुणा. काळ्या कपाळाखाली ठसठशीत पांढरी भुवई असलेला थोरला धोबी मात्र आपल्याच नदीचा, बारमाही रहिवासी. पहिला दिसला की थंडीची चाहूल लागली म्हणावे. दुसऱ्यावरून ऋतू सांगता येत नाही. याच दिवसांत ज्वारी दाण्यावर येते आणि गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे शेतावर उतरतात. गोफण हाती घेणाऱ्याला भोरडी कोणती ते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

फाल्गुन-चैत्रात तांबट बोलू लागतो. टुक्, टुक्, टुक्, एकाच मापाचे ठोके, मिनिटामागून मिनिटे. संस्कृतात तांब्याच्या कारागिराला ‘ताम्रकुट्ट’ म्हणतात, तांबे कुटणारा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून गेलेल्या माणसाला हे नाव पक्ष्याला का चिकटले हे सांगावे लागणार नाही. तांबट शोधायचा तर वाळक्या फांदीचा शेंडा पाहावा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा. बोलताना त्याची चोच मिटलेली असते. प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगते, बसते, आणि मान या बाजूची त्या बाजूला वळते. त्यामुळे आवाज कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून, आणि पाहणारा भलत्याच झाडाखाली उभा राहतो.

नावे अशी मदत करतात, तशी चकवतातही. वेडा राघू पोपटाच्या कुळातला नव्हे. हवेत झेप घेऊन माशी टिपायची आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसायचे, हा त्याचा वेडेपणा. फारसी काव्यातला बुलबुल रात्री गाणारा वेगळाच पक्षी. आपल्याकडे ते नाव शेपटीखाली लाल असलेल्या पाखराला मिळाले. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात भरद्वाज म्हणजे चंडोल. मराठी भारद्वाज मात्र तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुंपणाच्या झाडोऱ्यातून चालत जाणारा, घुमणाऱ्या आवाजाचा. त्यालाच कुठे कुंभारकुकडा म्हणतात, कुठे सोनकावळा. ऋषीचे नाव त्याला पोथीने दिले. सोन्याच्या पंखांचा कावळा हे नाव मात्र त्याला रोज कुंपणावर पाहणाऱ्याने दिले. मला दुसरे नाव अधिक विश्वासाचे वाटते, कारण ते ऐकून अनोळखी माणूसही तो पक्षी ओळखू शकेल.

मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचताना एकेका पक्ष्याची अनेक नावे जपली, त्याचे मोल इथे कळते. एका पक्ष्याला एकच प्रमाण नाव असण्याची सोय मान्य आहे; पण प्रमाण नाव आले म्हणून गावातले नाव पुसले, तर त्याबरोबर एक निरीक्षण पुसले जाते. त्यामुळे पक्ष्यांच्या नोंदवहीत तारीख, जागा आणि झाड यांच्या जोडीला आणखी एक रकाना हवा: इथली माणसे याला काय म्हणतात आणि का म्हणतात. गुराख्याला, कोळ्याला, आजीला विचारावे. ‘का’चे उत्तर बहुधा एखाद्या आवाजात, सवयीत किंवा महिन्यात सापडते, आणि पक्षी ओळखायला लागतात तीही हीच तीन.