शंभरातली ब्याऐंशी मुले

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मावर आणि चळवळीवर लेख येतातच. या वेळी आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. शाळेतून गळून जाणारी मुले, आणि ती गळू नयेत म्हणून सरकारी तिजोरीतून सुटलेला पैसा. विषय रुक्ष वाटेल. पण आपल्यापैकी ज्यांच्या घरात आज कोणी मास्तर आहे, नर्स आहे, तारापूरला कामाला आहे, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत हा पैसा कधी ना कधी आलेला आहे. तो कसा आला, हे पोरांना सांगायला हवं.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू होती. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा नुकतेच कौन्सिलात आले होते. आठच दिवसांनी महाडला चवदार तळ्याचा संग्राम झाला. तळ्याचा दिवस आपण दरवर्षी पाळतो, कौन्सिलातल्या या भाषणाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. बाबासाहेबांनी तिथे सरकारपुढे एक आकडा ठेवला : प्राथमिक शाळेत १०० मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत त्यातली फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांतच जमा होतात. म्हणजे शाळा काढून भागत नाही, मूल शाळेत टिकले नाही तर खर्च केलेला पैसाही पाण्यात जातो. त्यांनी दुसरा हिशेबही मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते, आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. अर्थशास्त्राच्या डॉक्टरांनी मांडलेला हिशेब होता तो, त्यात वावगे काढणार कोण?

ही तक्रार जुनीच होती. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे घातले होते की, शेतकऱ्यांच्या घामातून सारा येतो आणि तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. बडोद्याचे सयाजीराव महाराज आणि कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी आपापल्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. खुद्द बाबासाहेबांचे कॉलेज आणि १९१३ चा अमेरिकेचा प्रवास सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर झाला. एका मुलाला वेळेवर मिळालेल्या पैशाने काय होते, याला आणखी पुरावा नको.

पण प्रत्येक मुलाला महाराज कुठून भेटणार? म्हणून बाबासाहेबांनी सरकारला धरले. १९२८ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली आणि वसतिगृहांसाठी सरकारी अनुदान मिळवले. ते पुरत नसे, म्हणून देणग्याही मागितल्या. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी सरकारला सविस्तर निवेदन दिले आणि दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपये मागितले. त्यातूनच १९४४ पासून ती शिष्यवृत्ती सुरू झाली, जिला आपण आजही घरात ‘जीओआय’ म्हणतो.

इथे आपल्या समाजाची एक जखम सांगायला हवी. १९५६ ला दीक्षा घेतली आणि अनुसूचित जाती म्हणून केंद्राकडून मिळणारा हक्क गेला. १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता ना! धर्म बदलला, पण गरिबी थोडीच बदलली होती? महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने मान्य करायला १९९० साल उजाडले. मधल्या तीस-चौतीस वर्षांत एक अख्खी पिढी शाळेच्या वयातून पुढे निघून गेली. फॉर्मवरचा ‘नवबौद्ध’ हा शब्द आम्हाला आजही नुसता रकाना वाटत नाही तो यामुळे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वाणगाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, पालघर जिल्हा झाला २०१४ ला. आपल्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून काम केले. त्याआधी १९४५ पासून त्या बोर्डीला होत्या. वारली पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे न्यायची, असा त्यांचा साधा विचार होता. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी रानात भरली ती कुरणशाळा. १९७५ ला केंद्र सरकारची बालविकास योजना आली, आणि आज देशभर गावोगाव अंगणवाडी आहे.

पोरं का गळतात, हे त्या दोघींना कळले होते. फी हे कारण असतेच, पण घरचे काम त्याहून मोठे. आमची थोरली बहीण सातवीत शाळेतून निघाली. आई मिरचीच्या वाडीवर तोडणीला जायची आणि धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हते. फी माफच होती हो! पण फीमाफीने धाकटा भाऊ सांभाळला जात नाही. १९९२ मध्ये सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मागासवर्गीय मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. वर्षाला फार तर २२० रुपये. कल्पना नेमकी होती, मुलीला शाळेत पाठवल्याने घराचे जे बुडते ते थोडे भरून द्यायचे. पण तीस वर्षांनीही तो एक रुपयाच राहिला. १९९६ ला पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली, महिना ६० रुपये. तीही आमच्या ताईला उशिराच म्हणायची.

जेवणाचे मात्र मानावे लागेल. १५ ऑगस्ट १९९५ पासून ८० टक्के हजेरीवर महिना ३ किलो धान्य घरी मिळू लागले. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, आणि शाळेत खिचडी आली. खिचडीत अळ्या निघाल्याच्या बातम्या आपण वाचतो, तक्रारही करावी. पण दुपारच्या सुट्टीत घरी पळणारी पोरं खिचडीमुळे थांबली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि एका पंगतीत सगळ्या जातींची पोरं बसली, ते वेगळेच.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी, वारली कुटुंबांची पोरं मात्र या सगळ्यातून निसटत राहिली. शाळेच्या पटावर नाव, आणि पोरगं वसई-भिवंडीकडे भट्टीवर. विधायक संसदेने त्यांच्यासाठी भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची गवता-पेंढ्याची खोपटी. नंतर सर्व शिक्षा अभियानाच्या पैशातून हंगामी वसतिगृहे निघाली, आईबाप कामाला गेले तरी मुलाने गावातच राहावे म्हणून.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च ६०-४० असा वाटून घेतला आणि पाच वर्षांसाठी ५९ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैसा थेट खात्यात येतो. पण खाते आधारला जोडलेले नसेल, उत्पन्नाचा दाखला जुना असेल, तर अर्ज तिथेच अडतो. आमच्या माहितीतल्या एका मुलाची रक्कम परीक्षा संपल्यावर जमा झाली. तोपर्यंत तो बोईसरला एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागला होता, आणि आलेल्या पैशातून त्याने घरावर पत्रे घातले.

म्हणून निकालाच्या दिवसांत रविवारची वंदना झाली की विहारात एक टेबल मांडावे, असे आम्ही सुचवतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आधार, गुणपत्रक एवढे घेऊन यायचे. ज्यांना ऑनलाइन फॉर्म भरता येतो अशी चार मुले-मुली वस्तीत आहेतच. आठवी-नववीत ज्या पोराची खाडे वाढलेत, त्याच्या घरी मात्र फॉर्मची वाट न बघता आधी जाऊन यावे.