हॅलचं गाणं

'२००१: अ स्पेस ओडिसी' मी पहिल्यांदा पाहिला तो बेळगावच्या घरी, धाकट्या दिरानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, आणि तोही अर्धाच. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं पडद्यावर नुसती माकडासारखी आदिमानवं, आणि कुणी एक शब्द बोलत नाही. सासूबाई म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज गेलाय काय, बघ जरा." मी उठून भाकऱ्या टाकायला गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी मुलाच्या कॉम्प्युटरवर तो पुरा पाहिला, तेव्हा कळलं की या सिनेमात माणसं मुळातच कमी बोलतात. लोकांच्या लक्षात राहिली आहेत ती वाक्यं बहुतेक यंत्राची.

स्टॅन्ली कुब्रिकचा हा सिनेमा एप्रिल १९६८ मध्ये अमेरिकेत लागला. म्हणजे माणूस चंद्रावर उतरायला अजून सव्वा वर्ष होतं. पटकथा कुब्रिक आणि आर्थर सी. क्लार्क या दोघांची. डिस्कव्हरी नावाचं यान गुरू ग्रहाकडे निघालं आहे. डेव्ह बोमन आणि फ्रँक पूल हे दोघे जागे आहेत, तीन शास्त्रज्ञांना प्रवासभर गाढ झोपवून ठेवलंय, आणि या सगळ्यांचा सांभाळ हॅल ९००० या संगणकाकडे. हॅलला अंग नाही. भिंतीतला एक लाल डोळा आणि आवाज, एवढाच तो. (आयबीएमच्या तीन अक्षरांच्या आधीची अक्षरं घेऊन हे नाव केलं, असं लोक हौसेनं सांगतात. क्लार्कनी ते कायम नाकारलं.)

तो आवाज डग्लस रेन या कॅनडाच्या रंगभूमीवरच्या नटाचा. आधी मार्टिन बाल्समकडून संवाद म्हणून घेतले होते, ते कुब्रिकला पसंत पडले नाहीत. रेनना खरं तर निवेदनासाठी बोलावलं होतं. निवेदन सिनेमातून गेलं आणि रेन हॅल झाले. चित्रीकरण संपल्यानंतर, समोर बोमन-पूल कुणी नसताना, त्यांनी एकट्यानं बसून दोनेक दिवसांत सगळे संवाद म्हटले. बोलण्यात ना राग, ना घाई.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघा. पूलचा वाढदिवस असतो. आईवडिलांचा शुभेच्छांचा निरोप पृथ्वीवरून येतो, आणि हा उताणा पडून दगडासारखा चेहरा करून ऐकतो. नंतर हॅल शुभेच्छा देतो, तीच जास्त आपुलकीची वाटते. बोमननं काढलेली चित्रं हॅल मागून घेऊन बघतो, हात सुधारलाय म्हणून कौतुकही करतो. एका मुलाखतीत बोमनला विचारतात, या हॅलला भावना आहेत काय? तो म्हणतो, असल्यासारखं वागतो खरा, आम्हाला बोलायला सोपं जावं म्हणून तसाच घडवलाय; पण खरोखर आहेत की नाहीत, हे कुणालाच खरं सांगता यायचं नाही. सिनेमातला सगळ्यात मोलाचा संवाद मला हाच वाटतो. तो मात्र कुणी फारसा सांगत नाही.

सांगतात तो दरवाजाचा. पूलचं प्रेत आणायला बोमन छोट्या यानातून बाहेर गेलेला, शिरस्त्राण आतच विसरलेलं. परत येऊन दार उघड म्हणतो, तर हॅल नाव घेऊन, माफी मागून सांगतो की ते काही करता येणार नाही. तोवर झोपलेले तिघेही त्यानं मारलेले असतात. आवाज चढत नाही की पडत नाही. सरकारी खिडकीसमोर तासन्‌तास उभं राहिलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. "सॉरी हां बाई, होत नाही बघा."

हॅल असा का वागला, याचं उत्तर सिनेमात उशिरा आणि अर्धवट मिळतं. प्रवासाचा खरा हेतू बोमन-पूलपासून लपवलेला होता, जागेपणी तो एकट्या हॅललाच ठाऊक होता. क्लार्कच्या कादंबरीत हे स्पष्ट आहे: ज्याला खरं सांगायलाच घडवलं, त्याच्यावर गुपित राखायचा हुकूम लादला, आणि त्या ओढाताणीत तो बिघडला. म्हणजे खोटं आधी माणसांनी त्याच्या पोटात घातलं. म्हणून मला हॅलचा पुरता राग येत नाही. मेलेल्या चौघांचं काय, असं मुलगा विचारतो, तेव्हा उत्तरही देता येत नाही.

शेवटी बोमन हॅलच्या स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून सोडवत जातो. हॅल आधी समजावतो, मग भीती वाटते म्हणतो, डोकं हरवत चाललंय आणि ते जाणवतंय म्हणतो. मग एकदम आपला जन्म सांगायला लागतो: इलिनॉयमधलं अर्बाना, १२ जानेवारी १९९२, आणि गुरुजींनी शिकवलेलं एक गाणं. ते गाणं 'डेझी बेल', हॅरी डॅकरनं १८९२ मध्ये केलेलं. ते हॅलच्या तोंडी उगाच घातलेलं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून हेच गाणं म्हणवून घेतलं होतं, साथीचं संगीत मॅक्स मॅथ्यूजचं. क्लार्क तिथे गेले असताना त्यांनी ते ऐकलं होतं.

माझी आज्जी शेवटच्या दोन महिन्यांत आम्हाला ओळखेनाशी झाली. आधी नातवंडं गेली, मग सुना, मग तिची स्वतःची मुलं. राहिला तो णमोकार, आणि लहानपणी पाटीवर गिरवलेले पाढे. बे एके बे पासून सुरू करायची, आवाज जड होत जायचा, मध्येच थांबून विचारायची, "म्हणू काय पुढं?"

हॅलही विचारतो, ऐकायचंय का गाणं? आपल्याला मारू पाहणाऱ्या त्या यंत्राला बोमन हो म्हणतो, म्हण माझ्यासाठी, म्हणतो. मी आज्जीचा हात धरून म्हणायची, "म्हण की, ऐकायलोय."