लहान गच्चीचें आच्छादन

मंगळुरास बासेल मिशननें 1865 सालीं कौलांचा कारखाना काढिला आणि पुढें पश्चिम किनाऱ्यावरील अनेक ख्रिस्तमंदिरांवर लाल कौलें चढलीं. परंतु कौलास उतार हवा. सॅक्रिस्टीवरील लहान सपाट गच्चीस तें निरुपयोगी. अशा ठिकाणीं जुने गवंडी चुन्याचा कोबा करीत. विटांचे तुकडे चुन्यांत कालवून, गूळ व हिरडा यांचें पाणी शिंपडीत, कित्येक दिवस ते तो चोपण्यांनीं धोपटीत. हवेंतील कर्बवायु शोषून चुना हळूहळू दगडासारखा होई. 1824 सालीं पेटंट झालेलें पोर्टलंड सिमेंट लवकर घट्ट होतें, पण ऊनपावसानें तडकूं शकतें. डांबर उन्हांत ठिसूळ होतें. आणि एका भेगेनेंही वेदीचीं वस्त्रें भिजतात. बंधुभगिनींनो, आच्छादन कोणतेंही निवडा. पन्हळीकडे थोडा ढाळ आणि मृगापूर्वीं भेगांची डागडुजी, एवढें सांभाळिलें तरच तें टिकतें.