श्रीवर्धन

श्रीवर्धन : महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व किनारी शहर. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळामार्गे ते पुण्याशी जोडलेले आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, तर पूर्वेस डोंगर असून मधल्या चिंचोळ्या सखल पट्टीत वस्ती आहे. उत्तरेस दिवेआगर, दक्षिणेस हरिहरेश्वर.

किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या वाड्या असून त्यांना विहिरींचे पाणी दिले जाते. पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल चढवण्याची पद्धत आहे. येथील रोठा सुपारी आकाराने मोठी व आतून पांढरी असते. पिकलेली फळे अंगणात उन्हात वाळवून सोलतात. जीवना बंदर हे कोळी समाजाच्या मासेमारीचे केंद्र आहे. कोळी, बागायतदार ब्राह्मण, कोकणी मुसलमान आदी समाज येथे राहतात. लक्ष्मीनारायण, जीवनेश्वर व सोमजाई ही प्रमुख देवालये होत.

श्रीवर्धन पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होते. येथील देशमुखी भट घराण्याकडे होती. सिद्दीशी बिनसल्यावर याच घराण्यातील बाळाजी विश्वनाथ देशावर गेले व १७१३ मध्ये पेशवे झाले. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात येथील वाड्या मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्या. नव्या पोफळीला फळ धरण्यास पाच ते सात वर्षे लागतात.