घोडीच्या तबेल्यात डिसेंबरपासून रात्री ११ पर्यंत दिवे का लावतात?

समजा, एक शिंगरू ३१ डिसेंबरच्या रात्री जन्माला आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं वय किती? शर्यतीच्या हिशोबात उत्तर आहे: एक वर्ष.

शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस एकच असतो. भारत, ब्रिटन, अमेरिका अशा उत्तर गोलार्धातल्या देशांत १ जानेवारी, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्ट. खरी जन्मतारीख काहीही असो. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते आणि ती फेब्रुवारीत धावली जाते. मे महिन्यात जन्मलेला घोडा तिथे उतरतो तेव्हा तो खरं तर जेमतेम पावणेचार वर्षांचा असतो. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत तर हा चार-पाच महिन्यांचा फरक अंगापिंडावर सरळ दिसतो.

म्हणून पैदास करणाऱ्याला शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत हवं असतं. अडचण एवढीच की घोडीला ते मान्य नसतं.

घोडीचं स्वतःचं कॅलेंडर

गाय-म्हैस वर्षभर माजावर येऊ शकते. घोडीचं तसं नाही. दिवस मोठा होऊ लागला की तिचं प्रजननचक्र सुरू होतं, हिवाळ्यात ते बंद पडतं. अंधारात मेंदूत मेलाटोनिन नावाचं हार्मोन तयार होतं. रात्र लांबली की ते जास्त वेळ स्रवतं आणि बीजांडकोशाला जाणारा संदेश दाबला जातो. घोडीचा गाभणकाळ सुमारे ३४० दिवसांचा, म्हणजे ११ महिन्यांचा. उन्हाळ्याच्या तोंडावर गाभण राहिलेली घोडी पुढच्या वसंतात विते, तेव्हा थंड देशांत हिरवं गवत उगवलेलं असतं. निसर्गाचा हिशोब चोख आहे, फक्त तो शर्यतीच्या कॅलेंडरशी जुळत नाही.

२० जानेवारीच्या आसपास शिंगरू हवं असेल तर घोडी १५ फेब्रुवारीच्या सुमारास गाभण राहायला हवी. नेमक्या त्याच वेळी बहुतेक घोड्यांचे बीजांडकोश अजून झोपेतून उठत असतात. पुण्यात सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो, त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्याचा हा ब्रेक इंग्लंड-आयर्लंडइतका कडक लागत नाही. तरी परिणाम होतोच.

दिवा कसा काम करतो?

उपाय अगदी साधा आहे: घोडीला उन्हाळा आलाय असं भासवायचं. साधारण १ डिसेंबरपासून संध्याकाळी तबेल्यात दिवे सुरू ठेवतात, म्हणजे ऊन आणि दिवा मिळून १६ तास उजेड होतो. उजेड किती हवा? तबेल्याच्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता यावं एवढा. बारा बाय बाराच्या खोलीला १०० वॅटचा साधा बल्ब पुरतो. हल्ली एका डोळ्यावर निळा प्रकाश सोडणारे मुखवटेही मिळतात, त्यामुळे घोडी बाहेर मोकळी राहू शकते.

पण रात्रभर दिवा ठेवून काम लवकर होत नाही. शरीराला अंधाराचे काही तासही लागतात. आणि धीरही लागतो, कारण पहिलं बीजांड सुटायला ६० ते ७० दिवस जातात. फेब्रुवारीत जाग येऊन दिवे लावले तर त्या हंगामात फारसा उपयोग नाही. मध्येच बंद केले तर घोडी पुन्हा हिवाळ्यात जाऊ शकते.

दिवस नाही, तास मोजावे लागतात

चक्र सुरू झालं की ते साधारण २१ दिवसांचं असतं. त्यात ५ ते ७ दिवस माज, आणि माज संपण्याच्या २४ ते ४८ तास आधी बीजांड सुटतं. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. तसं जन्मलेल्या शिंगराची नोंदच होत नाही. त्यामुळे घोडीला प्रत्यक्ष घोड्याकडे न्यावं लागतं, आणि नामांकित घोड्याची वेळ पुन्हा पुन्हा मिळत नाही.

माज ओळखायला आधी ‘टीझर’ घोडा समोर आणतात. घोडी शेपूट उचलते, मागचे पाय फाकवते, थोडी थोडी लघवी करते. टीझरचं काम तिथेच संपतं, बिचारा. त्यानंतर पशुवैद्य सोनोग्राफीत बीजांडाची पुटकुळी, म्हणजे फॉलिकल बघतो. ते ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलं असेल तर एचसीजीचं इंजेक्शन देतात आणि बहुधा ३६ ते ४८ तासांत बीजांड सुटतं. हे एचसीजी गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळवलेलं हार्मोन आहे.

पुढचा माज लवकर आणायचा असेल तर प्रोस्टाग्लँडिन वापरतात. बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारा पीतपिंड ते मोडतं, आणि घोडी काही दिवसांत पुन्हा माजावर येते. मात्र पीतपिंड किमान पाच दिवसांचा झालेला असावा लागतो. इंजेक्शननंतर घोडीला घाम सुटतो, पोटात कळ येऊ शकते. तिच्याहून जास्त जपायचं ते माणसांनी. हे औषध त्वचेतून शरीरात जातं, त्यामुळे गर्भवती स्त्रिया आणि दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये. पशुवैद्याशिवाय हे प्रयोग करणं म्हणजे घोडी आणि माणूस दोघांशी खेळ.

जुळं म्हणजे आनंद नाही

घोडीच्या गर्भाशयात दोन शिंगरं क्वचितच नीट वाढतात. बहुतेक वेळा दोन्ही जातात, आणि उशिरा गर्भपात झाला तर घोडीच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून १४ ते १६ व्या दिवसाची सोनोग्राफी चुकवत नाहीत. दोन गर्भ दिसले तर पशुवैद्य त्यातला एक तेव्हाच हाताने दाबून नष्ट करतो. ऐकायला निर्दय वाटतं, पण उशीर केला तर हाच उपाय अवघड होऊन बसतो.

२५ दिवसांची शर्यत

गाभणकाळ ३४० दिवस, वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दरवर्षी त्याच तारखेला शिंगरू हवं असेल तर व्यायल्यावर २५ दिवसांत घोडी पुन्हा गाभण राहायला हवी. व्यायल्यावर सात ते दहा दिवसांत तिला पहिला माज येतो, पण तेव्हा गर्भाशय पूर्ण सावरलेलं नसतं आणि गाभण राहण्याची शक्यता कमी असते. तो माज सोडला तर पुढचा येईपर्यंत महिना उलटतो. असं करत विण्याची तारीख दरवर्षी पुढे सरकते: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. शेवटी मालक तिला एक हंगाम रिकामी ठेवतो आणि डिसेंबर लागला की तिच्या तबेल्यातला दिवा रात्री ११ पर्यंत चालू राहतो.