सोंगाड्या पेनड्राइव्ह

विंडोजच्या मशीनवर उबुंटू चढवायचं असेल, तर आज एक पेनड्राइव्ह आणि एक आयएसओ फाइल पुरते. हे इतकं सरळ वाटतं, कारण यामागे कित्येक वर्षांची सोंगं आहेत. नवं साधन आलं की मदरबोर्ड त्याला ओळखत नाही; मग ते जुन्या साधनाचा वेष घेऊन दारात उभं राहतं.

मूळ पुरुष फ्लॉपी. आयबीएमने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी काढली ती फायली ठेवायला नव्हे, तर सिस्टिम/३७० या अवाढव्य यंत्रांना सुरू होताना लागणारा मायक्रोकोड भरायला. म्हणजे फ्लॉपीचा जन्मच बूटसाठी झाला. पुढे घरगुती पीसीत रिवाज पडला: मदरबोर्डवरच्या बायॉस या फर्मवेअरने डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलायचे, मेमरीत ठेवायचे आणि बिनदिक्कत चालवायचे. हार्ड डिस्कवर त्यातले शेवटचे दोन बाइट ‘५५’ आणि ‘एए’ असले, की ही डिस्क बूट होणारी. ओळखपत्र एवढंच!

सीडी आली आणि पंचाईत झाली, कारण तिची मांडणीच वेगळी. १९९५ साली फीनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल तोरितो’ नावाचा तोडगा काढला. (हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलावरून पडलं असं सांगतात, तांत्रिक कागदपत्रांना इतकं चविष्ट नाव क्वचितच मिळतं.) त्यातली एक युक्ती अशी की, सीडीत १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा दडवायची आणि बायॉसला ‘ही फ्लॉपीच आहे’ असं भासवायचं.

२००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला, तेव्हा त्याच्यासाठीही वेगळा पाट नव्हता. त्या दशकातल्या मदरबोर्डांच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी-एफडीडी’, ‘यूएसबी-झिप’, ‘यूएसबी-एचडीडी’ असे पर्याय दिसत. म्हणजे पेनड्राइव्हने फ्लॉपी व्हायचं, झिप ड्राइव्ह की हार्ड डिस्क, ते आपण ठरवायचं. चुकीचं निवडलं की काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत बसे.

या घराण्यातली सगळ्यात देखणी करामत मात्र एच. पीटर अॅन्विन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पातून आली. आयएसओ ९६६० या सीडीच्या मानकाने डिस्कचे पहिले ३२ किलोबाइट मोकळे सोडलेले असतात. सीडी वाचणारा तिकडे फिरकत नाही. २००८च्या सुमारास आलेल्या ‘आयसोहायब्रिड’ने नेमक्या त्या रिकाम्या ओसरीत हार्ड डिस्कचे ५१२ बाइट बसवले, ‘५५ एए’सकट. एकच फाइल, सीडीवर जाळली तर सीडी, पेनड्राइव्हवर जशीच्या तशी ओतली तर हार्ड डिस्क. लिनक्सवाले डीडी कमांडने एका ओळीत पेनड्राइव्ह करतात ते याच्या जिवावर.

विंडोजची आयएसओ असं दुहेरी सोंग घेत नाही. म्हणून लिनक्सवर बसून ती डीडीने ओतली, तर कमांड तक्रार करत नाही, पण मशीन बूट होत नाही. आयएसओतल्या फायली काढून पेनड्राइव्हवर घालाव्यात, तर दुसरा अडथळा. बायॉसच्या जागी आलेल्या नव्या यूईएफआय फर्मवेअरला हमखास वाचता येते ती फॅट फाइल सिस्टिम, जिचा वंश थेट १९७७पर्यंत जातो. तिचा फॅट३२ हा वारस एका फाइलला ४ जीबीच्या पुढे जागा देत नाही, आणि विंडोजची ‘इन्स्टॉल.विम’ बऱ्याचदा त्याहून जाड असते. लिनक्सवर विमलिब हे साधन वापरून तिचे तुकडे करतात. पीट बटार्ड यांनी २०११ साली आणलेला रुफस हा प्रोग्राम वेगळी वाट काढतो. मोठं पार्टिशन एनटीएफएस ठेवतो आणि शेवटी जेमतेम १ एमबीचं फॅट पार्टिशन जोडतो. फर्मवेअर आधी तिथे शिरतं, एनटीएफएस वाचायचा ड्रायव्हर उचलतं आणि मग मोठ्या पार्टिशनकडे वळतं.